इंत्रुजाची रात्र, मुरगाव बंदर आणि ग्रेगरी पेक

१९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला आला. त्याहून उशिरा तो येऊच शकत नाही. त्यामुळे गोव्यातला इंत्रूज, म्हणजे आपण ज्याला कार्निव्हल म्हणतो तो, मार्चपर्यंत लांबला आणि त्याचा शेवटचा मंगळवार ९ मार्चला पडला. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, तिथून उपासाचे दिवस. खायचं, प्यायचं, नाचायचं ते सगळं मंगळवारच्या रात्रीच उरकून घ्यायचं. मुरगाव बंदरात साडेतीन वर्षं अडकून पडलेल्या जर्मन खलाशांनाही त्या रात्री किनाऱ्यावर आमंत्रणं होती. यजमान एवढे उदार का झालेत, याचा विचार कोणी केला नसावा.

मध्यरात्र उलटल्यावर एक बोजड बार्ज दिवे मालवून झुआरीच्या मुखातून बंदरात शिरला. त्याचं नाव फीबी. त्यावर कलकत्त्याचे गोरे साहेब होते: कोणी तागाच्या कंपनीत, कोणी चहाच्या, कोणी विम्याच्या. चौदा जण ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळाचे आणि चार जण ‘कलकत्ता स्कॉटिश’चे. या घोडदळाने शेवटचं युद्ध पाहिलं होतं ते दक्षिण आफ्रिकेत, बोअर लोकांविरुद्ध, चाळीसेक वर्षांपूर्वी. त्यानंतर परेड, पोलो आणि क्लबातला बार एवढीच त्याची रणभूमी उरली होती. सोबत ब्रिटिशांच्या ‘एसओई’ या गुप्त घातपाती संघटनेचे लेफ्टनंट कर्नल लुइस पग होते. लक्ष्य होतं ‘एरेनफेल्स’ हे जर्मन मालवाहू जहाज.

फीबीसारखं नौकानयनाचं साधन युद्धात क्वचितच वापरलं गेलं असेल. हॉपर बार्ज म्हणजे गाळ वाहणारी बोट. नदीच्या तळातून उपसलेला गाळ पोटात भरायचा, खोल पाण्यात न्यायचा आणि तळाची दारं उघडून सोडून द्यायचा. हुगळीसारख्या गाळाने भरणाऱ्या नदीत तिचं काम कधी संपत नाही. तिला वेग नाही, डौल नाही आणि खुल्या समुद्राशी तर तिचं काही देणंघेणंच नाही. ही बोट कलकत्त्याहून निघून, श्रीलंकेला वळसा घालून कोचीनला आली. बरेचसे साहेब रेल्वेने कोचीन गाठून तिथे तिच्यावर चढले. पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने मुरगाव. तिच्याकडे पाहून कोणाला संशय येणार नाही, हेच तिचं शस्त्र.

एरेनफेल्सवर चढाई झाली, झटापट झाली, कॅप्टन रोफर मारला गेला. पण जहाज काही हाती लागलं नाही. इंजिनाच्या खोलीत समुद्राचं पाणी आत घेण्याचे मोठे व्हॉल्व्ह असतात. एरवी ते पाणी इंजिन थंड करायला लागतं. शत्रू चढला तर हेच व्हॉल्व्ह पुरते उघडून टाकायचे, म्हणजे जहाज स्वतःच्याच पोटात समुद्र ओतून घेतं. एकदा पाणी तळमजल्यावरून वर चढू लागलं की व्हॉल्व्हपर्यंत पोचणंच अशक्य होतं. एरेनफेल्सच्या खलाशांनी हेच केलं. ते पाहून शेजारच्या ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ या जर्मन आणि ‘अँफोरा’ या इटालियन जहाजांवरच्या माणसांनीही आपापल्या जहाजांना आगी लावल्या. पहाटेपर्यंत बंदरातली चारही जहाजं गेली. फीबी आल्या वाटेने निघून गेली. गोव्यात बोभाटा झाला तो असा, की वैतागलेल्या खलाशांनीच आपली जहाजं जाळली. ब्रिटिशांना हेच हवं होतं, कारण पोर्तुगाल तटस्थ देश होता आणि इंग्लंडचा सर्वांत जुना मित्र. त्यांचा तह १३७३ सालचा! शिवाय अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर विमानतळ मिळावेत म्हणून लंडनला लिस्बनची मनधरणी करायची होती. ती परवानगी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिळाली. मित्राच्या अंगणात रात्री घुसून दरोडा घातला, हे उघडं पडून चालणार नव्हतं. म्हणून नौदल नाही, गणवेश नाही. गाळाची बोट आणि क्लबातले सभासद.

ही हकिगत पस्तीस वर्षं झाकलेली राहिली. १९७८ साली जेम्स लीझर या इंग्रज पत्रकार-लेखकाने ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक लिहिलं आणि दोनच वर्षांत त्यावर ‘द सी वुल्व्ह्ज’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक अँड्र्यू मॅकलॅग्लन, निर्माता युअन लॉइड, पटकथा रेजिनल्ड रोजची. हा रोज म्हणजे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा लेखक, एका बंद खोलीतून बाहेर न पडता अख्खा चित्रपट पेलणारा माणूस. इथे मात्र त्याच्या वाट्याला समुद्रकिनारा, कार्निव्हल, नृत्य, हेर आणि एक सुंदर हेरीणही आली. पगच्या भूमिकेत ग्रेगरी पेक, त्याचा साथीदार गेव्हिन स्टुअर्ट म्हणून रॉजर मूर, लाइट हॉर्सचा कर्नल बिल ग्राइस म्हणून डेव्हिड निव्हन, शिवाय ट्रेव्हर हॉवर्ड आणि पॅट्रिक मॅक्नी. पैसा, निर्माता आणि दिग्दर्शक अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे असले तरी बाज शुद्ध हॉलिवूडचा होता. पेक आणि निव्हन ही जोडी १९६१ च्या ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’मध्ये लोकांनी पाहिलेली होती. नॅव्हरोन नावाचं बेटच काल्पनिक. ते उभं राहिलं ग्रीसच्या रोड्स बेटावर. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची नदी थायलंडची, पण पूल उडवला तो सिलोनमध्ये. ‘सी वुल्व्ह्ज’ची बढाई अशी, की घटना गोव्यातली आणि कॅमेराही गोव्यात, काही भाग दिल्लीत. त्या काळी गोवा अजून दमण-दीवसकट केंद्रशासित प्रदेश होता. चार्टर विमानांचे लोंढे यायचे होते.

हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि खरं सांगायचं तर तो थोर नाही. मधला भाग रेंगाळतो. रॉजर मूर जिथे जातो तिथे बाँडची छाया बरोबर नेतो. तीन वर्षांनी तो ‘ऑक्टोपसी’साठी उदयपूरला आला तेव्हाचा आणि गोव्यातला मूर यांत फरक करायला कपड्यांकडेच पाहावं लागतं. संगीत मात्र लक्षात राहतं. ॲडिन्सेलच्या ‘वॉर्सा कॉन्चेर्टो’वरून रॉय बडने केलेली धून मॅट मन्रोच्या आवाजात येते आणि दोन क्षण आपण कथानकातली भोकं विसरतो.

पण नटांकडे नीट पाहिलं तर चित्रपटात आणखी एक चित्रपट दिसतो. निव्हन १९३९ मध्ये, हॉलिवूडमध्ये नाव चांगलं जमलेलं असताना, ते सोडून इंग्लंडला सैन्यात परत गेला. युद्धभर लढला आणि त्याबद्दल आयुष्यभर फारसं बोलला नाही. बोलला तेही विनोदाने. मॅक्नी नौदलात, टॉर्पेडो बोटींवर होता. मूरला कमिशन मिळालं ते युद्ध संपल्यावर, रसदीच्या तुकडीत. आणि चित्रपटात सगळ्यांना हुकूम सोडणारा पेक पाठीच्या दुखापतीमुळे सैन्यात जाऊच शकला नव्हता. ज्याने युद्ध पाहिलं तो निव्हन पडद्यावर शांतपणे चहा घेतो आणि ज्याने पाहिलं नाही तो पेक जबडा आवळून योजना समजावतो. खरा पग त्या रात्री पस्तिशीचा होता. पेक साठी ओलांडलेला, निव्हन सत्तरीला टेकलेला. धापा टाकत व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांवर चित्रपट बरेच विनोद करतो. त्यातले निम्मे विनोद नटांना करावेच लागले नसतील.

आता मूळ प्रश्नाकडे. एरेनफेल्सवर असं काय होतं?

पुस्तक आणि चित्रपट सांगतात: गुप्त ट्रान्समीटर. मुंबईहून निघणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या जहाजांच्या खबरा गोव्यातले हेर गोळा करायचे, त्या एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना पोचायच्या आणि जहाजं बुडायची. हल्ल्यानंतर बुडण्याचं प्रमाण एकदम खाली आलं, असं लीझर आकड्यांनिशी मांडतो. इतिहासकार मात्र यावर एकमताचे नाहीत आणि मलाही हे गणित पटत नाही. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंदी महासागराच्या कडेला जर्मन पाणबुड्यांची जी टोळी काम करत होती, ‘झेहुंड’ नावाची, तिची शिकार मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत चालली होती. अरबी समुद्रासाठी खास धाडलेली ‘मॉन्सून’ टोळी इकडे पोचली ती सप्टेंबरात, एरेनफेल्स तळाशी गेल्यावर सहा महिन्यांनी. तेव्हा मार्चमधली घट मुरगावच्या खात्यात जमा करणं जरा घाईचंच.

पण म्हणून ब्रिटिशांची भीती खोटी होती असं नाही. तिचं खरं कारण चित्रपटात येत नाही, कारण ते पडद्यावर दाखवायला कंटाळवाणं आहे: जहाजाची वंशावळ. एरेनफेल्स ब्रेमेनच्या ‘हान्सा’ कंपनीचं. या कंपनीची जहाजं हिंदुस्थानच्या व्यापारात मुरलेली, नावाच्या शेवटी ‘फेल्स’ लावणारी. एरेनफेल्सच्याच बनावटीच्या दोन बहिणी, ‘गोल्डनफेल्स’ आणि ‘कांडेलफेल्स’, जर्मन नौदलाने घेतल्या, तोफा लपवून चढवल्या आणि ‘अटलांटिस’ व ‘पिंगुइन’ या नावांनी समुद्रात सोडल्या. तटस्थ देशाचा झेंडा लावून जवळ यायचं आणि ऐनवेळी तोफांवरची झाकणं पाडायची, ही त्यांची रीत. एकट्या अटलांटिसने बावीस जहाजं गिळली. दोघींनीही हिंदी महासागरात धुमाकूळ घातला. १९४१ साल संपायच्या आत ब्रिटिश क्रूझरांनी दोघींना बुडवलं. त्यांची तिसरी बहीण मुंबईपासून एका दिवसाच्याही आतल्या अंतरावर नांगर टाकून बसली असेल, तर ॲडमिरल्टीतल्या माणसाला झोप लागणार नाही, रेडिओ असो वा नसो.

जी जहाजं बुडत होती त्यांवर होतं कोण? ब्रिटिश व्यापारी जहाजांचे कॅप्टन आणि इंजिनिअर गोरे. पण डेकवर, बॉयलरपाशी, स्वयंपाकघरात आपली माणसं. कोकणातले मुसलमान आणि हिंदू खलाशी, त्यांचा सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, सुकाण धरणारा सुकाणी. भट्टीत कोळसा ओढणारे आगवाले. आणि जेवणघर, केबिनी, स्वयंपाक सांभाळणारे बहुतेक गोवेकर. बार्देस-साष्टीतून मुंबईला यायचं, धोबीतलावच्या किंवा माझगावच्या आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, खाट मिळवायची, जहाज लागेपर्यंत तिथे दिवस काढायचे. ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ या कंपन्यांची जहाजं त्यांच्याशिवाय हलत नव्हती. टॉर्पेडो लागतो तो बहुतेक वेळा पाण्याखाली, इंजिन-बॉयलरच्या पट्ट्यात. तिथे त्या वेळी पाळीवर असणारा माणूस बाहेर पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात हजारो हिंदी खलाशी असे गेले.

म्हणजे ट्रान्समीटरची कथा खरी धरली, तर मुरगाव बंदरातून जाणाऱ्या खबरांनी मरत होते त्यांत त्याच बंदरापलीकडच्या गावांतले स्टुअर्ड आणि स्वयंपाकी होते. चित्रपटाला केवढा मोठा धागा हाताशी होता! पण पडद्यावरचा गोवेकर मुखवटे घालून नाचतो, ट्रे घेऊन येतो, बाजूला होतो. जहाज बुडाल्याची बातमी ऐकून हळहळतात ते फक्त क्लबातले साहेब.

कलकत्त्याचंही तेच. लाइट हॉर्सची मंडळी तिथून निघाली त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मेली. उन्हाळा सरता सरता कलकत्त्याच्या फुटपाथवर भुकेली कुटुंबं येऊन पडू लागली. चित्रपटातल्या कलकत्त्यात टंचाई आहे ती एकाच गोष्टीची, साहसाची. साहसपटाने दुष्काळ दाखवावा असा माझा आग्रह नाही. पण प्रत्यक्ष जागेवर जाऊन चित्रीकरण केल्याचा अभिमान मिरवायचा, तर त्या जागेत राहणारी माणसं डोळ्यांआड कशी होतात, हे विचारणं भाग आहे.

दोना पावलाच्या जेट्टीवर उभं राहिलं की झुआरीच्या रुंद मुखापलीकडे मुरगावचा डोंगर आणि बंदर दिसतं. बहुतेक पर्यटक तिकडे पाठ करून फोटो काढतात. लोहखनिज, कोळसा, क्रेन, मधूनच एखादं पांढरंशुभ्र क्रूझ जहाज. कोळशाच्या धुळीवरून वास्कोचे रहिवासी वर्षानुवर्षं भांडत आहेत. बंदर आत किती आडोशाला आहे हे इथूनच कळतं. दरोडेखोरांनी आत शिरायचं धाडस केलं हे खरं, पण जर्मनांनी इथे आसरा का घेतला तेही दिसतं: लाटा अडवणारी भिंत, पाठीशी डोंगर, आणि त्या काळची मीटर गेजची रेल्वे थेट कॅसलरॉकला घेऊन जाणारी. हल्ल्याला सात महिने होतात न होतात तोच, १९४३ च्या ऑक्टोबरात, याच बंदरात अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांचे नागरिक बदलून घेतले. स्वीडिश ‘ग्रिप्सहोम’ आणि जपानी ‘तेया मारू’ अशी दोन जहाजं, प्रत्येकी सुमारे दीड हजार माणसं. तटस्थ बंदराचा हाही उपयोग असतो. त्यावर मात्र कोणी पेकला बोलावलं नाही.

हे मी लिहितोय उरवड्यात बसून, मुळशी तालुक्यात. पिरंगुटचे कारखाने मागे टाकले की हे गाव लागतं. एसओई, पग, गुप्त कारवाया या सगळ्याशी उरवड्याचा काय संबंध, असं वाटेल. पण डोंगरापलीकडे मुठेचं खोरं आहे, ती मुठा पुढे खडकवासल्याच्या तलावात साठते, आणि युद्धाच्या काळात त्या तलावाच्या काठावर एसओईने आपली शाळा काढली होती. पुढे तिला ‘ईस्टर्न वॉरफेअर स्कूल’ असं नाव पडलं. स्फोटकं, वायरलेस, रात्रीची चाल, जंगलातली लढाई हे विषय. विद्यार्थी मलाया, ब्रह्मदेश, सयाममध्ये जपान्यांच्या मागे उतरायचे. १९४३ च्या वसंतात, म्हणजे फीबी मुरगावच्या वाटेवर असताना, सिंहगडाच्या परिसरात चिनी तरुणांची एक तुकडी मलायासाठी तयार होत होती. त्यांचा नेता लिम बो सेंग, सिंगापूरचा व्यापारी. मे महिन्यात पहिली टोळी डच पाणबुडीतून मलायाच्या किनाऱ्यावर उतरली. लिम स्वतः नंतर गेला, १९४४ च्या मार्चमध्ये जपान्यांच्या हाती सापडला, छळ होऊनही कोणाचं नाव न सांगता जूनमध्ये तुरुंगात मेला. सिंगापुरात आज त्याचं स्मारक आहे, शाळेतल्या मुलांना तो माहीत आहे. ज्या डोंगरांत तो शिकला तिथे रविवारी आपण पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जातो.

त्याच तलावाच्या उत्तर काठावर दोस्त सैन्यांचं आणखी एक केंद्र होतं. समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव तिथे चाले आणि त्यासाठी एक नकली जहाज उभं केलं होतं, ‘एचएमएस अंगोस्टुरा’. सह्याद्रीच्या कुशीत, समुद्रापासून घाटाच्या अलीकडे, गोड्या पाण्यावर नौदलाचं जहाज! पुढे १९४९ मध्ये ज्या परिसरात एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, पायाभरणी झाली तो हाच. जागा निवडताना हा जुना सराव जमेची बाजू ठरला. चित्रपटाचा सेट म्हणावा असं काही आपल्या भागात खरोखर उभं होतं, फक्त कॅमेरा नव्हता.

मुळशीचा आणि गोव्याचा दुसरा धागा मात्र याहून सरळ आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात सत्याग्रह झाला, त्याचे सेनापती पांडुरंग महादेव बापट. तिथूनच ‘सेनापती’ हे त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. तरुणपणी पॅरिसमध्ये बॉम्ब बनवायला शिकलेला हा पारनेरचा माणूस. एसओईच्या शाळेत शिकवला जाणारा निम्मा अभ्यासक्रम त्याने त्या संघटनेच्या जन्माआधी पुरा केला होता, आणि नंतर तो बाजूला ठेवून हातात कधी मुळशीच्या मावळ्यांचा प्रश्न घेतला, कधी रस्ता झाडायचा झाडू. १८ मे १९५५ ला गोव्याच्या हद्दीत नि:शस्त्र शिरलेल्या सत्याग्रहींच्या पहिल्या मोठ्या तुकडीत समाजवादी नेते नानासाहेब गोऱ्यांबरोबर बापट होते. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना झोडपून काढलं. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी आग्वादच्या तुरुंगात झाली. ते सुटले १९५७ मध्ये. १५ ऑगस्ट १९५५ ला आणखी तुकड्या गेल्या तेव्हा पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या आणि वीसहून अधिक माणसं मारली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत गोव्याचा उल्लेख त्या काळी सहलीसाठी व्हायचा नाही, शिक्षेसाठी व्हायचा.

‘सी वुल्व्ह्ज’चं युनिट गोव्यात आलं तेव्हा आग्वादच्या किल्ल्याच्या एका अंगाला ताजचं पंचतारांकित हॉटेल सुरू होऊन पाचेक वर्षं झाली होती आणि दुसऱ्या अंगाला तुरुंग अजून चालूच होता. तो बंद झाला २०१५ मध्ये. आता तिथे स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय आहे. चित्रपटात पोर्तुगीज अंमल दिसतो तो मेजवान्या देणारा, थोडासा बावळट, निरुपद्रवी. १९४३ च्या मार्चमध्ये पोर्तुगीज गव्हर्नरला चुकवून बंदरात शिरणं हा गोऱ्या साहेबांसाठी थरार होता. बारा वर्षांनी त्याच हद्दीत दिवसाढवळ्या, झेंडा घेऊन, सांगून-सवरून शिरणाऱ्यांना काय वाट्याला आलं ते आग्वादच्या भिंतींना विचारावं लागतं.

वयाचा विनोद मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. उतारवयातल्या साहेबांनी शेवटचं एक साहस करून दाखवावं, यावर हा सगळा चित्रपट उभा आहे. गोव्याच्या हद्दीत चालत गेले तेव्हा बापट चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्यावर कोणी असा चित्रपट काढायचं मनात आणलंच, तर त्या भूमिकेसाठी निव्हनपेक्षाही चार वर्षांनी मोठा नट शोधावा लागेल, आणि त्याला बंदूक द्यायची नाही हे निर्मात्याला आधीच सांगून ठेवावं लागेल.